बारा वाजताची सावली

साहित्याच्या विद्यार्थ्याला वत्सगुल्म हे नाव ठाऊक असते ते बहुधा राजशेखरामुळे. ‘काव्यमीमांसे’तला काव्यपुरुष देशोदेशी हिंडत अखेर विदर्भातल्या या नगरात येतो आणि तेथे त्याचा साहित्यविद्यावधूशी विवाह होतो. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वैदर्भी रीतीवर निबंध लिहिताना हा विवाह आपण हमखास उद्धृत करतो. तो खरोखर झाला होता काय, असे कुणी विचारत नाही, आणि विचारू नये हे योग्यच आहे. ते विधान तपासण्यासाठी केलेलेच नाही.

याच गावाचा दुसरा एक उल्लेख मात्र साहित्याच्या वर्गात कधी येत नाही. भास्कराचार्यांनी ११८३ च्या ‘करणकुतूहल’ या ग्रंथात पृथ्वीच्या मध्यरेखेवरची, म्हणजे लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या शून्य रेखांशावरची, स्थळे सांगितली आहेत. त्यात कांची आहे, उज्जयिनी आहे, कुरुक्षेत्र आहे आणि वत्सगुल्मही आहे. वाशीमला मध्यमेश्वराचे देऊळ आहे. मध्यरेखा तेथूनच जाते असे गावात अभिमानाने सांगतात. हे विधान पहिल्यासारखे नव्हे. ते मोजमापाचे विधान आहे. ते खरे असू शकते, खोटे असू शकते, आणि काही मर्यादेपर्यंत खरेही असू शकते. या तिसऱ्या शक्यतेविषयी आपल्या शाळा मुलांना काहीच शिकवत नाहीत, अशी माझी तक्रार आहे. शाळांइतकीच ती आपल्याविषयीही आहे, हे शेवटी येईलच.

तक्रारीला निमित्त झाले ते दोन प्रयोगवह्यांचे. वाशीम जिल्ह्यातल्या एका शाळेतल्या या वह्या काही काळापूर्वी माझ्या हाती आल्या. प्रयोग अगदी साधा : २२ सप्टेंबरला, म्हणजे विषुवदिनाच्या सुमारास, एक मीटर लांबीची काठी जमिनीत उभी रोवायची, अकरा ते एक या वेळेत दर अर्ध्या तासाने सावलीची लांबी मोजायची आणि मध्यान्ह ठरवायचा. पहिल्या वहीतला निरीक्षण तक्ता असा : अकरा वाजता ४६ सेंटिमीटर, साडेअकराला ३९, बाराला ३६, साडेबाराला ३९ आणि एक वाजता पुन्हा ४६. निष्कर्ष : बारा वाजता सावली सर्वांत लहान असते, म्हणून तो मध्यान्ह होय. खाली लाल शाईत बरोबरची खूण आणि ‘उत्तम’ असा शेरा. वर्गातल्या बहुतेक वह्यांत हाच तक्ता होता.

दुसरी वही एका मुलीची. तिचा तक्ता : ५१, ४२, ३७, ३७, ४३. त्यावर लाल रेघ मारलेली आणि बाजूला सूचना, की बारा वाजता सावली सर्वांत लहान यायला हवी, पुन्हा लिही. पुढच्या पानावर तिने पुन्हा लिहिले होते : ४६, ३९, ३६, ३९, ४६. तिलाही ‘उत्तम’ मिळाले.

आता यांपैकी कोणता तक्ता ग्राह्य? पाठ्यपुस्तक, मार्गदर्शक आणि शिक्षक बाजूला ठेवून केवळ त्या आकड्यांकडे पाहू.

घड्याळात बारा वाजतात तेव्हा वाशीमच्या डोक्यावर सूर्य नसतो. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. वाशीम सुमारे ७७ अंश ८ कलांवर, म्हणजे त्या रेषेच्या जवळजवळ साडेपाच अंश पश्चिमेला. दर अंशाला चार मिनिटे धरली, तर वाशीमचा सरासरी मध्यान्ह घड्याळात १२ वाजून साडेएकवीस मिनिटांनी होतो. त्यात सूर्याच्या वार्षिक गतीतली विषमता मिसळते. तिच्यामुळे नोव्हेंबरच्या आरंभी मध्यान्ह १२ वाजून ५ मिनिटांपर्यंत अलीकडे येतो आणि फेब्रुवारीच्या मध्याच्या सुमारास १२ वाजून ३५ मिनिटांच्याही थोडा पुढे जातो. म्हणजे वर्षातल्या एकाही दिवशी वाशीमला बाराच्या ठोक्याला सावली सर्वांत लहान नसते. बावीस सप्टेंबरला ती १२ वाजून १४ मिनिटांच्या सुमारास असते.

मुलीच्या खोडलेल्या आकड्यांकडे आता पुन्हा पाहा. बारा आणि साडेबारा या दोन्ही वेळी ३७; म्हणजे मध्यान्ह त्यांच्या मधोमध, सव्वाबाराच्या आसपास. साडेअकराला ४२ आणि एकला ४३. याही जोडीचा मध्य सव्वाबाराच. तिला प्रमाणवेळ ठाऊक नसेल, सूर्याच्या गतीतली विषमता तर नसेलच. तरीही तिच्या काठीने दोन वेगवेगळ्या साक्षींतून एकच उत्तर दिले, आणि ते एका मिनिटाच्या फरकाने बरोबर होते. जे तिला ठाऊक नव्हते ते तिच्या आकड्यांना ठाऊक होते. आकडे खरे असण्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

येथे एक सावधगिरी मात्र घ्यायला हवी, नाहीतर आपणही शिक्षकाच्याच वाटेने जाऊ. मुलीचे उत्तर बरोबर आले म्हणून तिचे मोजमाप ग्राह्य, असे म्हणणे चूक आहे. सूर्य हा बिंदू नव्हे. आकाशात त्याचे बिंब सुमारे अर्धा अंश रुंद दिसते. त्यामुळे एक मीटरच्या काठीच्या सावलीचे टोक जमिनीवर सुमारे एक सेंटिमीटरभर पुसट असते. बाराची सावली आणि खऱ्या मध्यान्हीची सावली यांत त्या दिवशी फरक होता जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा. म्हणजे ‘सर्वांत लहान सावली कोणती?’ हा प्रश्न त्या काठीला विचारणेच मुळात गैर होते. तिच्या उत्तरापेक्षा तिचा पुसटपणा मोठा. पण अकरा आणि एक या वेळांच्या सावल्यांत त्या दिवशी साधारण साडेआठ सेंटिमीटरचा फरक असायला हवा. तो कुठल्याही पुसटपणात बुडत नाही. पहिल्या वहीत अकराला आणि एकला एकच आकडा आहे. वाशीममध्ये, त्या दिवशी, त्या काठीची अशी सावली पडूच शकत नव्हती. ती वही उन्हात लिहिलेली नाही.

मोजमाप पारखायचे ते असे. उत्तर पाठ्यपुस्तकाशी जुळते काय, हा प्रश्न शेवटचा. त्याआधी विचारायचे, की जे मोजायचे होते तेच मोजले गेले काय? साधन कितपत सूक्ष्म होते आणि मागितलेला फरक त्या सूक्ष्मतेत मावतो काय? एकाच गोष्टीकडे दोन वाटांनी गेल्यावर दोन्ही एकाच ठिकाणी पोचतात काय? अध्यापक विद्यालयांतल्या मूल्यमापनाच्या पुस्तकांत विश्वसनीयता आणि सप्रमाणता असा भेद पाठ करून घेतात. पुन्हापुन्हा तेच उत्तर येणे ही विश्वसनीयता. जे मोजायचे तेच मोजले जाणे ही सप्रमाणता. त्या वर्गातल्या साऱ्या वह्या एकमेकींशी तंतोतंत जुळत होत्या. विश्वसनीयता शंभर टक्के आणि सप्रमाणता शून्य. ज्यांनी हा भेद परीक्षेसाठी पाठ केला असणार, त्यांनीच त्या वह्या तपासल्या होत्या.

लंबकाच्या प्रयोगाचेही तेच. गुरुत्वीय त्वरण काढायला सांगितले की वहीत ९.८१ येते. वाशीमच्या अक्षांशाला आणि उंचीला तिचे खरे मूल्य ९.७९ च्या किंचित आतच आहे. एक मीटरच्या लंबकाच्या वीस आंदोलनांना सुमारे चाळीस सेकंद लागतात; हाताने घड्याळ दाबताना दोन दशांश सेकंद इकडेतिकडे होणारच, आणि तेवढ्याने उत्तर दहाव्या भागाने सरकते. म्हणजे प्रामाणिक विद्यार्थ्याने ‘९.७ ते ९.९ च्या दरम्यान’ असे लिहावे. ९.८१ लिहिणाऱ्याने आपल्या साधनाला न पेलणारी सूक्ष्मता दाखवली, आणि ती दाखवतानाही दुसऱ्याच गावचा आकडा उतरवला.

*

आता भास्कराचार्यांकडे. मध्यरेखा वाशीमवरून जात होती काय? उज्जैन सुमारे ७५ अंश ४६ कलांवर आहे, वाशीम ७७ अंश ८ कलांवर. अंतर एक अंश बावीस कला, म्हणजे वाशीमच्या अक्षांशावर सुमारे एकशेचाळीस किलोमीटर. कांची तर उज्जैनच्या जवळजवळ चार अंश पूर्वेला. ही गावे एका रेषेवर नाहीत. सगळे आम्हालाच आधी कळले होते असे म्हणणाऱ्या अभिमान्यांना हे ऐकवत नाही. प्राचीनांना काहीच कळत नव्हते असे म्हणणाऱ्यांना ते ऐकून आनंद होतो. दोघेही पहिल्या वहीचेच विद्यार्थी, कारण दोघांनाही उत्तर आधी हवे आहे.

खरा प्रश्न वेगळा आहे : त्या काळच्या साधनांना हा फरक दिसला असता काय? अक्षांश शंकूच्या सावलीवरून एकट्याला काढता येतो. रेखांशासाठी दोन गावांत एकाच क्षणी पाहिलेली एकच घटना लागते, आणि तशी घटना म्हणजे चंद्रग्रहण. उज्जैन आणि वाशीम यांच्या स्थानिक वेळांत फरक साडेपाच मिनिटांचा, जुन्या मापात चौदाएक पळांचा. ग्रहणाचा स्पर्श नेमका कोणत्या क्षणी झाला हे नुसत्या डोळ्यांनी ठरवताना काही मिनिटे जातातच, कारण पृथ्वीच्या छायेची कडही पुसट असते. घटिकापात्र वेळ दाखवते, पण तेही काही पळे चुकते. तेव्हा वत्सगुल्म रेषेवर मांडणे ही साधनाच्या मर्यादेत राहिलेली चूक होती. कांचीबाबत तेवढे म्हणता येणार नाही. तेथला फरक पंधरा मिनिटांच्या वरचा, आणि तो दिसायला हवा होता. पारख अशी गावागणिक करावी लागते. सरसकट गौरव आणि सरसकट धिक्कार यांना पारख म्हणत नाहीत.

यातून निघणारा भेद मला महत्त्वाचा वाटतो. चूक आणि बनावट या दोन निराळ्या जाती आहेत. चुकीच्या मोजमापात जगाचा काहीतरी अंश शिल्लक राहतो. पुढचा माणूस त्यावरून पुढे जाऊ शकतो. बनावट मोजमापात फक्त लिहिणाऱ्याची इच्छा असते. भास्कराचार्यांची यादी चुकली, तरी तिच्याशी वाद घालता येतो. ‘४६, ३९, ३६, ३९, ४६’ या यादीशी वाद घालता येत नाही, कारण तिच्या पलीकडे काहीच नाही.

या भेदाची साक्ष विदर्भाच्याच भूमीवर आहे. भारताचा महान चाप मोजत दक्षिणेतून उत्तरेकडे आलेला लॅम्टन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याचे काम एव्हरेस्टने पुढे नेले. त्या सर्वेक्षणात कल्याणपूर आणि कल्याणा या उत्तरेतल्या दोन ठाण्यांमधले अक्षांशांचे अंतर ताऱ्यांवरून एक निघाले आणि जमिनीवरच्या त्रिकोणांवरून दुसरे. फरक होता सव्वापाच विकलांच्या आसपास. जमिनीवर सुमारे एकशेसाठ मीटर. शेकडो मैलांच्या मोजणीत एवढा फरक एखाद्या लाल रेघेखाली सहज नाहीसा झाला असता. तो नोंदीत राहिला. पुढे कलकत्त्याच्या प्रॅटने हिमालयाच्या वस्तुमानाने ओळंबा किती ढळायला हवा याचे गणित केले, ते सुमारे सोळा विकला आले, म्हणजे प्रत्यक्षाच्या तिप्पट. हा विसंवाद सोडवताना १८५५ मध्ये एअरीने पर्वतांना खाली खोल, हलकी मुळे असावीत ही कल्पना मांडली. न जुळलेला एक आकडा कुणी खोडला नाही, म्हणून पृथ्वीच्या कवचाविषयी एक नवे ज्ञान झाले. त्या मुलीचे ‘३७, ३७’ हेही तिच्यापुरते तसेच होते. बारा वाजता मध्यान्ह का होत नाही, हा प्रश्न त्यातून उगवणार होता. त्यामागून रेखांश, प्रमाणवेळ, सूर्याची विषम गती हे सारे आले असते. ते सगळे एका रेघेखाली गेले.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. गणेश दैवज्ञांच्या १५२० च्या ‘ग्रहलाघवा’वरून केलेली पंचांगे आणि आकाश यांचा मेळ पुढे बसेना, तेव्हा एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्र्यांनी आकाशाशी जुळणाऱ्या पंचांगाचा आग्रह धरला आणि त्यावर केवढा गदारोळ झाला! ग्रंथ म्हणतो ते की डोळा पाहतो ते, हाच झगडा. ‘दृक्प्रत्यय’ हा सुंदर शब्द आपल्याजवळ तेव्हापासून रूढ आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत तो अजून शिरलेला नाही.

*

यावर ठरावीक आक्षेप येतात. पहिला असा, की शाळेत संकल्पना कळणे महत्त्वाचे, आकड्यांचे एवढे काय? पण मोजमाप हीच येथे संकल्पना आहे. मध्यान्ह म्हणजे बारा वाजणे नव्हे, एवढे जिला काठीने शिकवले होते तिला शिक्षणाने ते विसरायला लावले.

दुसरा आक्षेप साधनांचा. वाशीम २०१८ पासून निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. अशा जिल्ह्यात प्रयोगशाळा कुठून आणायच्या? साधनांची वानवा खरी आहे आणि ती दूर व्हायला हवी. पण काठी, दोरी आणि ऊन यांची वाशीममध्ये टंचाई नाही. शिवाय ओबडधोबड साधनानेच मोजमापाची मर्यादा चांगली शिकवता येते; पुसट टोक तेथे डोळ्यांनी दिसते.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक : शिक्षक तरी काय करणार? अभ्यासक्रम संपवायचा, वह्या पूर्ण करून घ्यायच्या, गुण भरून पाठवायचे. हे मान्य. त्या लाल रेघेमागे दुष्टावा नव्हता. त्या शिक्षकाच्या वहीतही कधीकाळी अशीच रेघ पडली असणार. म्हणूनच माझे भांडण व्यक्तीशी नाही. ज्या गुणदान पद्धतीत जुळणाऱ्या उत्तराला गुण आहेत आणि न जुळण्याच्या कारणमीमांसेला नाहीत, त्या पद्धतीशी आहे.

आणि हे शाळेच्या कुंपणात थांबत नाही. वाशीमचा शेतकरी सोयाबीन घेतो. पीकविम्याची भरपाई ज्या सरासरी उत्पादनावर ठरते, ते काढण्याच्या रीतीचे नावच मुळी ‘पीक कापणी प्रयोग’. शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, वजन करायचे आणि लिहायचे. हाही निरीक्षण तक्ताच. पैसेवारी पन्नासच्या वर की खाली, यावर त्या गावाचे वर्ष ठरते. हा तक्ता भरणारी माणसे कुठल्या वर्गांतून येतात? याच वर्गांतून. तेथे ‘यायला हवे ते’ लिहायचे वळण ज्यांच्या हाताला लागले, त्यांच्यापुढे उद्या एखाद्या कार्यालयाला हवा असलेला आकडा ठेवला, तर ते पुन्हा लिहिणार नाहीत कशावरून? बनावट सावलीने कुणाचे नुकसान होत नाही. बनावट वजनाने होते, आणि हात तोच असतो.

*

एवढे वाचून साहित्याचा प्राध्यापक सुखावला असेल : विज्ञानवाल्यांची चांगली खरडपट्टी निघाली! त्यांनी जरा आपल्याकडे पाहावे.

मराठीच्या वर्गात रसग्रहण लिहायला सांगतात. विद्यार्थी कविता वाचतो, त्याला काहीतरी जाणवते. ते ओबडधोबड असेल, पुसट असेल. तो तसे लिहितो. आपण रेघ मारतो आणि बाजूला लिहितो : मध्यवर्ती कल्पना अशी हवी. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या साऱ्या वह्यांत तीच मध्यवर्ती कल्पना, तेच आवडीचे कारण, तीच भाषिक वैशिष्ट्ये. आपण ‘उत्तम’ लिहितो. विज्ञानाच्या वहीत निदान सूर्य तरी बाहेर असतो. केव्हातरी कुणीतरी काठी रोवून खोटे उघडे पाडू शकतो. आपल्या वहीत ज्या वाचनानुभवाची नोंद असायला हवी तो एकदा खोडला की त्याला दुसरा साक्षीदारच नाही.

आपल्या जुन्या दर्शनांनी प्रामाण्याचा विचार फार बारकाईने केला. ज्ञान स्वतःच प्रमाण की त्याचे प्रामाण्य बाहेरून सिद्ध व्हावे, यावर मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतके भांडले. मीमांसक म्हणे, बाधक पुढे येईपर्यंत ज्ञान प्रमाण माना. नैयायिक म्हणे, व्यवहाराच्या कसोटीवर उतरल्यावर माना. या दोहोंतल्या कुठल्याही निकषाने त्या मुलीचे निरीक्षण खोडता येत नाही : बाधक कुणी दाखवला नाही, आणि कसोटीवर ते उतरत होते. शब्दालाही दोघांनी प्रमाण मानले. पण नैयायिकाने शब्द आप्ताचा असावा ही अट घातली. ज्याने वाशीमची सावली कधी पाहिली नाही असे मार्गदर्शक वाशीमच्या सावलीबाबत आप्त कसे? हे दर्शन आपण एम.ए.ला शिकवतो आणि शाळेत त्याच्या नेमके उलट वागतो.

आणखी एक सवय आपल्यात गेल्या काही दशकांत मुरली आहे. सत्य हे रचितच असते, तथ्य म्हणजे सत्तेने मान्य केलेली कथा, असे आपण चर्चासत्रांत सहज बोलून जातो. त्या वहीत सत्तेने कथा रचली होती हे खरेच. पण ती खोटी आहे हे आपल्याला कशाने कळले? साडेआठ सेंटिमीटरांनी. सावलीला स्वतःचे काही म्हणणे नसते, तर त्या मुलीची बाजू घ्यायला आपल्या हाती काहीही उरले नसते; लाल शाई आणि पेन्सिल यांच्यात लाल शाईच जिंकली असती. सत्तेला प्रश्न विचारण्याची उमेद ज्यांना आहे, त्यांनी तर मोजमापाचे प्रामाण्य जपायला हवे.

मागणे फार मोठे नाही. प्रयोगवहीत निरीक्षणासोबत तारीख, स्थळ आणि साधनाची मर्यादा लिहायला लावा. न जुळलेल्या उत्तराची कारणे शोधण्याला जुळलेल्या उत्तराइतकेच गुण द्या. निरीक्षणे शाईने लिहायला सांगा आणि ती कुणी खोडू नये, शिक्षकाने तर नाहीच. आपल्या वर्गात, मार्गदर्शक उघडण्यापूर्वी, विद्यार्थ्याने कवितेविषयी लिहिलेला पहिला परिच्छेद तसाच राहू द्या. त्याच्याशी वाद घाला, पण तो राहू द्या.

त्या वहीतले खोडलेले पान अजून वाचता येते. लाल रेघेखाली पेन्सिलीतले आकडे स्पष्ट दिसतात : ५१, ४२, ३७, ३७, ४३. शेजारच्या ‘उत्तम’पेक्षा मला ते अधिक विश्वासाचे वाटतात.